वाशीतले लायझनिंगवाले: पाचपैकी तीन तारे, तेही टेबलावरच्या मुलीला

नाव लिहीत नाही. वाशीत सरकारी परवाने काढून देणारी अशी ऑफिसं बरीच आहेत आणि मला कुणाचा धंदा बसवायचा नाही. पण तीस हजारांना पाचशे कमी एवढे पैसे गेले, आणि त्या बदल्यात नक्की काय मिळालं हे मला दोन महिने कुणाला सांगता येत नव्हतं. आता येतं, म्हणून लिहितोय.

आमचं रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंगचं युनिट. चौदा माणसं, दोन ओव्हन, फॉस्फेटिंगच्या टाक्यांची एक रांग. टाक्या म्हणजे सांडपाणी, आणि सांडपाणी म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, कन्सेंट. ती नूतनीकरणाला आली होती. त्याच सुमारास तिसरा ओव्हन टाकायचा होता, कारण अमेरिकेतल्या एका कंपनीकडून इलेक्ट्रिक पॅनेलच्या कव्हरांची ऑर्डर येऊ घातली होती. अर्ज मीच रात्री जागून ऑनलाइन भरला. महिना उलटला तरी पोर्टलवर काही हलेना. शेजारच्या गाळ्यातले अण्णा म्हणाले, "तुम्ही स्वतः कसले फॉर्म भरत बसलाय? वाशीला एक साहेब आहेत, त्यांच्याकडे जा. मंत्र्यांचे ओएसडी, विशेष कार्य अधिकारी होते. एक फोन टाकतील, काम होईल."

रबाळ्याहून गाडी पकडली आणि गेलो. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर सहा फोटो. सहाही फोटोंत मध्ये कुणीतरी मोठा माणूस, आणि कडेला छातीशी फाइल धरून आमचे साहेब. मधली माणसं वेगवेगळ्या पक्षांची, फाइल बहुधा तीच. साहेबांनी कार्ड दिलं. 'माजी विशेष कार्य अधिकारी' ही अक्षरं सोनेरी आणि उठावाची, अंगठा फिरवला की बोटाला लागतात. कंपनीचं नाव त्याच्या खाली, बारीक. म्हणजे चालू धंदा बारीक आणि सोडलेली नोकरी ठळक. तेव्हा मला हे खटकलं नाही. खरं सांगायचं तर भारीच वाटलं.

कोटेशन स्वच्छ होतं, हे मान्य करायला हवं. 'अर्ज व कागदपत्रे: ३५,०००. समन्वय: ५०,०००.' दोन्हीवर अठरा टक्के जीएसटी, पक्कं बिल. रोख, पाकीट, 'वरचे वेगळे' असलं काही नाही. समन्वयाचे अर्धे आत्ता, अर्धे काम झाल्यावर. मी विचारलं, "समन्वय म्हणजे काय काय येतं त्यात?" साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "ते आमच्यावर सोडा." मी सोडलं. कागदपत्रांचे ४१,३०० आणि अर्ध्या समन्वयाचे २९,५०० भरून टाकले.

मग त्यांनी मला बाहेरच्या टेबलाकडे पाठवलं. तिथे पंचविशीतली एक मुलगी. लॅपटॉपला चिकटपट्टी, शेजारी डबा, डब्यावर उघडलेली वही. तिने माझ्याच लॉगिनने माझाच अर्ज उघडला आणि खाली खाली जात राहिली. चहा यायच्या आत म्हणाली, "काका, सीईटीपीची, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, पावती मागच्या वर्षीची जोडलीये तुम्ही."

मी म्हटलं, "बघ हं नीट."

"बघितली. आणि दुसरं, तिसरा ओव्हन लिहिलाय, माल दीडपट लिहिलाय, पण पाणी पूर्वीइतकंच ठेवलंय. धुणार कशाने मग एवढा माल?"

मी गप्प. तिने वहीत रेघ मारून दोन रकाने केले: रोज आत येणारं पाणी, रोज बाहेर जाणारं. मला एकेका टाकीचं माप विचारलं, टाकी किती दिवसांनी उपसता ते विचारलं, आणि कॅल्क्युलेटर न घेता बेरीज जमवली. माझी फाइल कुणी अडवली नव्हती. मीच अपुरी टाकली होती आणि पोर्टलच्या एका कोपऱ्यात तशी शंका काढून ठेवलेलीही होती, मी ती उघडूनच बघितली नव्हती. तिने उत्तर चढवलं, नवी पावती जोडली. तीनेक आठवड्यांत कन्सेंट आली. पस्तीस हजार मला अजिबात जड गेले नाहीत. कुणी पन्नास म्हटलं असतं तरी दिले असते.

आता राहिला समन्वय. त्याचा मी एकच प्रयोग डोळ्यांनी पाहिला. पाणी-हिशेब चढवल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला आणि एक नंबर लावला. "नमस्कार! मी बोलतोय. ओळखलं ना?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आवाज आला, "कोण?" साहेबांनी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हसत बोलले. मला म्हणाले, "झालं. सांगितलंय."

इथवरच थांबलं असतं तर मी चार तारे देऊन मोकळा झालो असतो. आपल्याकडे असंच चालतं म्हणून सोडून दिलं असतं. पण ऑर्डर पक्की करायच्या आधी अमेरिकेतल्या कंपनीने अकरा पानी फॉर्म पाठवला. माल कसा बनवता, बालकामगार आहेत का वगैरे नेहमीचं. आठव्या पानावर एक प्रश्न: परवाने मिळवताना तुम्ही कुणा मध्यस्थाची मदत घेतलीत का? घेतली असल्यास तो माणूस पूर्वी सरकारी पदावर होता का? असल्यास पद, आणि पद सोडल्याची तारीख. त्याला दिलेल्या प्रत्येक रकमेचा तपशील.

त्यांच्या या काळजीचं मूळ १९७७ चा त्यांचा एक कायदा. अमेरिकन कंपनीने परदेशातल्या सरकारी माणसाला लाच द्यायची नाही, आणि तिसऱ्याच्या हातूनही द्यायची नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या अध्यक्षांनी या कायद्याची अंमलबजावणी काही महिने थांबवली होती म्हणे. कंपनीने तिचा फॉर्म मात्र थांबवला नाही.

रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे त्यांच्या कंप्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या बाई, आवाज मऊ. त्यांनी बिलाचं भाषांतर समोर ठेवलं होतं. पस्तीस हजारांची ओळ त्यांनी एका मिनिटात ओलांडली. मग समन्वय. कुणाशी समन्वय? कधी? भेट झाली की फोन? त्यातून काय निष्पन्न झालं? माझ्याकडे सांगायला एक फोन होता आणि त्यातही पलीकडचा माणूस 'कोण?' म्हणाला होता. आयुष्यात खरेदी-विक्रीची हजारो बिलं फाडली, पण विकत घेतलेल्या वस्तूचं वर्णन करता येऊ नये ही पहिलीच वेळ.

तारीख विचारायला पुन्हा वाशी.

"साहेब, ओएसडी पदावरून तुम्ही मोकळे कधी झालात?"

"सरकार गेलं तेव्हा."

"कुठलं?"

"आमचं."

आता महाराष्ट्रात सरकार गेलं म्हणजे तारीख समजावी अशी सोय आहे का? २०१९ च्या नोव्हेंबरात एक सरकार ऐंशी तासांत गेलं. २०२२ च्या जूनमध्ये आणखी एक गेलं. मी म्हटलं, साहेब, वर्ष तरी सांगा. ते म्हणाले, "त्यांना कशाला हवंय ते? ओळख काय तारखेवर असते?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण तिकडचा सगळा डोलारा नेमका तारखेवर उभा आहे. बाईंनी मला वाचायला दोन-चार कागद पाठवले होते, ते वाचल्यावर कळलं. सरकार बदललं की तिथे हजारो माणसं राजकीय नेमणुकीवर आत येतात, आपल्याकडचे बाहेरून आणलेले ओएसडी येतात तशी. त्यांच्यासाठी दोन थर. पहिला थर कायद्याचा, मोडला तर फौजदारी. एखाद्या विशिष्ट प्रकरणात तुम्ही खुर्चीवर असताना स्वतः भाग घेतला असेल, तर त्याच प्रकरणात दुसऱ्याच्या वतीने सरकारदरबारी उभं राहायला जन्मभर मनाई. वरिष्ठ पदावर असाल तर पद सोडल्यापासून एक वर्ष आपल्याच जुन्या खात्यात दुसऱ्यासाठी रदबदली करायची नाही. अगदी वरच्या, म्हणजे मंत्रिमंडळातल्या दर्जाच्या पदांना दोन वर्षं. याला ते कूलिंग-ऑफ म्हणतात. मी साहेबांना हा शब्द सांगितला तेव्हा त्यांनी एसीकडे बघितलं.

दुसरा थर शपथेचा. काही अध्यक्षांनी आल्या आल्या आदेश काढले आणि नेमलेल्यांना त्यावर सही करावी लागली. बिल क्लिंटननी १९९३ मध्ये वरिष्ठ पदांवर नेमलेल्यांची सही घेतली: पाच वर्षं जुन्या खात्यात लॉबिइंग, म्हणजे दुसऱ्यासाठी रदबदली, नाही. ओबामांनी २००९ मध्ये कामाच्या दुसऱ्याच दिवशी आदेश काढला: लॉबिइंगवाल्यांकडून भेटवस्तू घ्यायच्या नाहीत, जुन्या मालकाशी संबंधित कामाला दोन वर्षं हात लावायचा नाही, आणि बाहेर पडल्यावर हे सरकार असेपर्यंत त्याच्याकडे लॉबिइंग करायचं नाही. ट्रम्पनी २०१७ मध्ये पुन्हा पाच वर्षं, आणि परदेशी सरकारांसाठी लॉबिइंगला कायमची बंदी. बायडेननी २०२१ मध्ये स्वतःचा आदेश काढला.

हे वाचून भारावून जायच्या आत पुढचं वाचा. क्लिंटननी आपला आदेश २००० च्या डिसेंबरात, घरी जायला काही आठवडे उरले असताना, स्वतःच रद्द केला. म्हणजे ज्यांनी पाच वर्षांची शपथ घेतली ते सगळे मोकळे. ट्रम्पनीही २०२१ च्या जानेवारीत जाता जाता तेच केलं. बायडेनचा आदेश २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पनी परतल्या दिवशीच रद्द केला. आणि ओबामांचा आदेश? संरक्षण खात्यात दोन नंबरच्या पदावर विल्यम लिन यांना आणायचं आधीच ठरलं होतं. ते आदल्या वर्षीपर्यंत रेथिऑन या शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कंपनीचे लॉबिस्ट होते, मग शाई वाळते न वाळते तोच त्यांच्यासाठी आदेशातून खास सूट काढली. तेव्हा तिकडे सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं मी म्हणत नाही. फरक इतकाच की सूट दिली तर तीही कागदावर येते आणि चार लोक बोंब मारू शकतात.

तिकडे भेटवस्तूंचाही हिशेब आहे. सरकारी माणसाने एका वेळी वीस डॉलरपर्यंतची वस्तू घ्यावी, एकाच्याकडून वर्षात पन्नास डॉलरच्या वर नाही. दिवाळीच्या आधी लाल कागदातले सुक्यामेव्याचे डबे रचून भरलेल्या रिक्षा बघितल्या की मी आता मनात भागाकार करतो.

मग मी आपल्याकडचं शोधायला बसलो. आमच्या सीएंनी मदत केली, तेही त्या बिलाने अस्वस्थ झाले होते. मंत्र्यांसाठी १९६४ पासून आचारसंहिता आहे. मंत्र्याने धंद्याच्या व्यवस्थापनातून अंग काढून घ्यायचं, दरवर्षी मालमत्तेचं विवरण द्यायचं. पण तो कायदा नाही, आणि ती मंत्र्यांसाठी आहे, त्यांच्या केबिनबाहेर बसणाऱ्यासाठी नाही. केंद्राच्या गट-अ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरी किंवा धंदा करायचा तर परवानगी लागते. २००७ पर्यंत ही मुदत दोन वर्षं होती, ती कमी केली. लॉबिइंग करणाऱ्यांची नोंदणी करणारा कायदा आपल्याकडे नाहीच. तिकडे तो १९९५ पासून आहे आणि आता दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागतो: कुणासाठी, कुठल्या विषयावर, किती पैसे. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्टच्या अशाच हिशेबात भारतातल्या गुंतवणुकीचा विषय निघाला आणि आपल्या संसदेत गदारोळ झाला. कंपनीचं म्हणणं, खर्च अमेरिकेत झाला, भारतात नाही. सरकारने निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी नेमली. आपल्याबद्दल कोण कुठे बोलतंय हे आपल्याला तिकडच्या कागदातून समजावं, हे मला त्या स्पीकरफोनसारखंच वाटलं.

महाराष्ट्रात दारावर चाळणी लागली, हे खरं. २०२५ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं की मंत्र्यांच्या पीएस, म्हणजे खासगी सचिव, आणि ओएसडींसाठी १२५ नावं आली, त्यातली १०९ मंजूर केली, बाकीच्यांवर काही ना काही आरोप होते. फिक्सर चालणार नाहीत, असा शब्द वापरला. चांगलंच झालं. पण ती आत जातानाची चाळणी. जो आत गेला, वर्ष-दोन वर्षं फाइली कुठून कुठे जातात ते शिकला, फोननंबर जमवले, आणि सरकारबरोबर बाहेर आला, त्याचं काय? तो सोमवारी मंत्रालयात, शुक्रवारी वाशीत. कार्डावर फक्त 'माजी' हा शब्द वाढवायचा.

आमचे सीए एका गोष्टीवर अडून बसले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. लाच देणाराही गुन्हेगार, व्यापारी संस्थासुद्धा. आणि कलम ७अ: सरकारी माणसाने काम अयोग्य किंवा अप्रामाणिकपणे करावं म्हणून आपला वैयक्तिक प्रभाव वापरतो सांगून कुणी बेकायदा लाभ घेतला तर तीन ते सात वर्षं. सीए म्हणाले, "तुमचं काम नियमातच झालं, त्यामुळे तुम्हाला घाम फुटायचं कारण नाही. पण बिलावर समन्वय लिहिलं म्हणून त्याला समन्वय म्हणत नाहीत." मला तरीही फुटला.

साहेबांची बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. उरलेले पंचवीस हजार मी देणार नाही म्हटल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. दिलेले परत करणार नाहीत, तेही शांतपणे सांगितलं. आणि ते म्हणाले त्यात थोडं तथ्य आहे: "तुम्ही लोकच दारातून आत येताना विचारता, ओळख आहे ना? मी काय कॅल्क्युलेटर विकू?" अण्णांनी मला पाठवलं ते ओळखीसाठीच, आणि मी गेलोही ओळखीसाठीच. चौदा माणसांचा कारखाना चालवणाऱ्याला प्रत्येक टेबलापुढे अर्धा दिवस उभं राहणं परवडत नाही. सल्लागार लागतोच. त्याने कागद नीट लावावेत, मुदती सांभाळाव्यात, शंका आली तर उत्तर द्यावं. या कामाची फी घेण्यात काही वावगं नाही. उद्योगांसाठी 'मैत्री' नावाची सरकारची एक-खिडकी सोय आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, ठरावीक सेवांना मुदती बांधलेल्या आहेत, अपील करता येतं. हे सगळं मला त्या टेबलावरच्या मुलीने सांगितलं, फुकट, आणि अपिलाची पायरी कुठली ते वहीच्या पानावर लिहून दिलं.

फॉर्मचं काय झालं विचाराल. पदाच्या रकान्यात 'मंत्री कार्यालय, विशेष कार्य अधिकारी' लिहिलं. तारखेच्या रकान्यात 'विचारली, मिळाली नाही'. समन्वयाच्या रकान्यात तो एक फोन, जसा झाला तसा, 'कोण?' सकट. आमचा मुलगा म्हणाला, बाबा हे काढा, हसतील. मी ठेवलं. दहा दिवसांनी उत्तर आलं: कागदपत्रांचा सल्लागार चालेल, समन्वय या नावाची रक्कम पुढे कुणालाही द्यायची नाही, तसं लेखी द्या. लेखी दिलं. नमुन्याची पहिली खेप गेल्या महिन्यात न्हावा शेवाहून निघाली.

आता तारे. कागदपत्रं: पाचपैकी पाच. समन्वय: शून्य. सरासरी अडीच निघते, पण पाणी-हिशेबासाठी अर्धा वाढवला. जायचं असेल तर अकरा ते एकच्या मध्ये जा, ती मुलगी तेव्हा जागेवर असते, दुपारनंतर तिला बाहेर पाठवतात. फक्त 'अर्ज व कागदपत्रे' एवढंच कोटेशन मागा, देतात, थोडं तोंड वाकडं करून. चालू वर्षाची सीईटीपीची पावती आणि टाक्यांची मापं घरूनच न्या. चहा आलं घालून, चांगला. कार्ड दिलं तर उलटं करून बघा, मागची बाजू कोरी आहे. मी माझ्या कार्डाच्या त्या कोऱ्या बाजूवर पेनाने 'दिनांक' लिहून पुढे टिंबटिंब काढलं आणि परत त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. पार्किंगची चिठ्ठी मात्र टाकू नका, खालचा वॉचमन निघताना मागतो आणि नसली तर चाळीस रुपये घेतो, पावती न देता.